हुकुमाचे बिऱ्हाड

घर आणि बिऱ्हाड ह्या दोन शब्दांत मराठी माणसाने जो भेद केला आहे, तो विचार करण्यासारखा आहे. घर असते, बिऱ्हाड करावे लागते. घर वाडवडिलांकडून येते, बिऱ्हाड नोकरीपाठोपाठ येते. घराला उंबरठा असतो आणि त्या उंबरठ्याची पूजा होते. बिऱ्हाडाला पहिल्या तारखेची धास्ती असते, आणि विंचवाप्रमाणे ते पाठीवर टाकून पुढच्या गावी जाण्याची तयारी सदैव ठेवावी लागते. परंतु बिऱ्हाडांतही पुन्हा दोन जाती आहेत. एक मनुष्य आपल्या खुशीने गाव बदलतो. चांगली शाळा, बरा पगार किंवा मोकळी हवा पाहून तो येतो, आणि न पटल्यास दुसरीकडे जातो. दुसऱ्याला गाव निवडण्याचा अधिकारच नसतो. त्याच्या हाती एक कागद येतो, त्यावर एका गावाचे नाव असते, आणि अमुक तारखेच्या आत त्याला तेथे हजर व्हावे लागते. लष्करातील शिपाई हे ह्या दुसऱ्या जातीचे सर्वांत ठळक उदाहरण होय. त्याच्या बिऱ्हाडाला आम्ही हुकुमाचे बिऱ्हाड म्हणतो.

ह्या बिऱ्हाडाच्या निमित्ताने जो नैतिक प्रश्न उभा राहतो, तो असा : जो आपल्या इच्छेने नव्हे, तर इतरांच्या हुकुमाने आपल्या दारी आला, त्याला जागा देण्याचे काही कर्तव्य आपल्यावर आहे काय? घर ज्याचे, ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याचा, हे तर उघडच आहे. परंतु नाही म्हणण्याचा अधिकार असणे आणि नाही म्हणणे योग्य असणे, ह्या दोन गोष्टी एकच आहेत काय? प्रश्न लहान दिसतो. पण कायद्याने दिलेली मोकळीक आणि मनाने घातलेली मर्यादा ह्यांच्यातील सगळा झगडा त्यात साठविलेला आहे.

भिसेगावासारख्या गावी बसून हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. कर्जत स्टेशनाला लागून असलेले हे गाव भोर घाटाच्या पायथ्याशी आहे. १८६३ साली घाटातून आगगाडी सुरू झाली, आणि तेव्हापासून कर्जत हे बदलीवरच्या माणसांचे गाव झाले. घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून जोर देणारी इंजिने येथे लावतात. ती चालविणारे, दुरुस्त करणारे, निशाण दाखविणारे लोक कोठकोठून येणार, आणि कोठेतरी राहणार. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथून शंभर किलोमीटरांवर. त्यामुळे रोज जाऊन येऊन नोकरी करणाऱ्यांनीही येथे बिऱ्हाडे केली. घाटावर लोणावळ्यास नौदलाची ‘शिवाजी’ ही शिक्षणसंस्था १९४५ पासून आहे; पलीकडे देहूरोड, खडकी, पुणे ही लष्कराची ठाणी; इकडे खाली मुंबईत कुलाबा. ह्या दोन टोकांच्या मध्ये वसलेल्या गावात लष्करी कुटुंबांनी खोली शोधत यावे, ह्यात नवल नाही.

त्यांना खोली का शोधावी लागते, हे पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते. सरकार शिपायाला घर देतेच, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती अशी की, जेथे शत्रू समोर आहे किंवा प्रदेश बिकट आहे, अशा ठाण्यांवर कुटुंब नेण्याची मुभाच नसते. आणि जेथे मुभा असते तेथे क्वार्टरे मागणाऱ्यांहून थोडी असतात. ही उणीव भरून काढण्यासाठी २००२ साली सरकारने विवाहित जवानांच्या व अधिकाऱ्यांच्या घरांची मोठी बांधणी हाती घेतली. परंतु यादीत नाव लागून पाळी येईपर्यंत दिवस कोठेतरी काढावेच लागतात. तेव्हा नवरा सरहद्दीवर, आणि बायको मुलांसह शाळा, दवाखाना व आगगाडी जवळ असलेल्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत, असा संसार चालतो. त्या दोन खोल्या मिळविण्याचे काम सरकारी हुकुमात लिहिलेले नसते. ते ज्याचे त्याने, आणि बहुधा जिचे तिने, दारोदार हिंडून करायचे असते.

येथे इतिहासाकडे थोडे वळणे अवश्य आहे. कारण शिपाई आणि घरधनी ह्यांचा संबंध एके काळी अगदी उलट होता. शिपाई दारावर येऊन विचारीत नसे. तो आत येऊन बसत असे. इंग्लंडात पहिल्या चार्ल्स राजाने आपले सैनिक व खलाशी प्रजेच्या घरांत घुसवून ठेवले, आणि १६२८ साली पार्लमेंटाने राजापुढे जे हक्कांचे गाऱ्हाणे मांडले, त्यात हे एक प्रमुख कलम होते. पुढे त्याच पार्लमेंटाने १७६५ साली अमेरिकेतील वसाहतींवर फौजेच्या निवाऱ्याचा भार लादला. वसाहतवाल्यांनी १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात त्याबद्दल राजाला जाब विचारला, आणि १७९१ साली आपल्या घटनेत अशी दुरुस्ती जोडली की, शांततेच्या काळी मालकाच्या संमतीवाचून कोणाही शिपायाला कोणाच्या घरात ठेवता येणार नाही. ज्या राष्ट्राने मतस्वातंत्र्य आणि न्यायदान ह्यांच्या पंक्तीला घराच्या दाराची गोष्ट बसविली, त्याने ते दार फुटताना पाहिले असले पाहिजे.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. पावसाळ्यात मोहिमा थांबत आणि फौजेची छावणी पडे. अशाच एका छावणीस, चिपळूणजवळच्या हलवर्ण येथे असलेल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांस, शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्या पत्राचा आशय मनात ठेवण्यासारखा आहे. दाणा-वैरण पुरवून वापरा. ती आधीच उधळलीत, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्याच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी आणू लागाल. असे केल्यावर रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असे महाराज बजावतात. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतक्या बारीक गोष्टीपर्यंत ती सूचना जाते. राजाला येथे दोन गोष्टी एकदम दिसत होत्या : शिपायाला निवारा आणि अन्न लागतेच, हे खरे, पण ते दुसऱ्याच्या दारातून ओढून आणले, तर ज्या राज्याच्या रक्षणासाठी शिपाई आहे, ते राज्यच त्या रयतेला परके होते.

इंग्रजी अमदानीत हे ओढून आणणे कायदेशीर झाले. पुण्याचा कॅम्प १८१७ नंतर वसला. अशा कँटोन्मेंटांतून जमीन बहुधा सरकारची आणि तिच्यावरील बंगला खाजगी मालकाचा, अशी व्यवस्था असे. आणि त्या बंगल्यांत गोरे लष्करी अधिकारी भाड्याने राहत. परंतु मालकाने भाड्याने द्यायचे नाकारले तर? त्यासाठी १९०२ साली, आणि पुन्हा सुधारून १९२३ साली, कँटोन्मेंटांतील घरांविषयी स्वतंत्र कायदा करण्यात आला. लष्करी अधिकाऱ्याला घर हवे असल्यास मालकाला नोटीस देऊन ते घर सरकारला भाडेपट्ट्याने द्यावयास लावण्याची तरतूद त्यात होती. भाडे मिळे, पण ‘नको’ म्हणण्याची सोय नव्हती. दुसऱ्या महायुद्धात तर कँटोन्मेंटाबाहेरच्या इमारतीही युद्धकार्यासाठी सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या.

त्या गोऱ्या अधिकाऱ्याविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. तोही हुकुमाचाच मनुष्य होता. सात समुद्र ओलांडून, ज्या देशाची भाषा येत नाही आणि ज्याची हवा सोसत नाही, अशा देशात त्याला पाठविलेले असे. त्याची घराची गरज खरी होती. चूक गरजेत नव्हती, मार्गात होती. भाडे वेळच्या वेळी देऊनही त्या व्यवहारात काहीतरी नासलेले होते. ते काय? आमच्या मते ते असे की, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला काही किंमत नसते. मालकाने स्वखुशीने घर दिले असते, तर तोच बंगला आणि तेवढेच भाडे असतानाही दोन माणसांत एक संबंध निर्माण झाला असता. सक्तीने मिळालेल्या घरात छप्पर मिळते, शेजार मिळत नाही.

आज पारडे फिरले आहे. गणवेश घातलेला मनुष्य आता ओसरीखाली उभा राहून विचारतो, आणि ओसरीवरचा मनुष्य विचार करून उत्तर देतो. ही सुधारणा लहान नाही. भाडे ही गोष्ट आपण रुक्ष मानतो, पण तिच्यामागे शतकांची धडपड आहे. बळजबरीने शिरण्याच्या जागी विचारणे आले, लुटीच्या जागी पावती आली, ‘येईन तेव्हा येईन, जाईन तेव्हा जाईन’ ह्याच्या जागी मुदत आली. भाडेचिठ्ठीवर सही करताना दोघेही आपापले बळ खाली ठेवतात. एक आपल्या हत्याराचे, दुसरा आपल्या मालकीचे. जर्मन तत्त्वज्ञ कांट ह्याने १७९५ साली चिरस्थायी शांततेवर जो निबंध लिहिला, त्यात परक्या माणसाच्या हक्काची मर्यादा नेमकी ह्याच ठिकाणी आखली आहे. परक्याला शत्रू म्हणून वागविले जाऊ नये, एवढा त्याचा हक्क. पाहुणा म्हणून घरात राहण्याचा हक्क त्याला नाही, त्यासाठी वेगळा करार हवा, असे तो म्हणतो. आपल्या तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला देव मानावयास सांगितले. परंतु अतिथी एका तिथीपुरता असतो. तीन वर्षे राहणाऱ्या अतिथीला देव मानण्याची शक्ती फार थोड्या गृहस्थांत असेल. त्याच्यासाठी भक्ती नको, चोख करार पुरे.

परंतु करार पुरे असे म्हटल्याबरोबर घरमालक आपली कैफियत पुढे करतो, आणि तीही ऐकून घेतली पाहिजे. भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी, ही म्हण काही उगीच पडलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याशी बांधून टाकले. युद्धकाळच्या टंचाईत भाडेकऱ्याला संरक्षण देण्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु तात्पुरती म्हणून घातलेली बेडी अर्धे शतक राहिली. भाड्यात दुरुस्ती भागेना, म्हणून भिंती पडू लागल्या. नवी जागा कोणी साध्या भाड्याने देईना, म्हणून पागडीचा चोरटा धंदा माजला. आणि देतो म्हणणाऱ्याचे घर परत मिळण्याची आशा नातवापर्यंत लांबली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरविल्या, आणि ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अमलात आला. त्याप्रमाणे करार लेखी करून नोंदविणे ही मालकाची जबाबदारी झाली. आणि परवान्याची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास दुप्पट रक्कम भरावी लागेल, अशी तजवीज झाली. तरीही आजोबांनी भोगलेली भीती नातवाच्या मनातून जात नाही. अकरा महिन्यांचा कागद करून, बाराव्या महिन्यात तोच भाडेकरू ठेवायचा असला तरी नवा कागद करावयाचा, ही आपल्याकडची रीत ह्या भीतीची खूण आहे. ती भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही.

म्हणूनच ज्या नकाराच्या मागे ही भीती आहे, त्याला आम्ही दोष देत नाही. परंतु थोडे लक्ष देऊन पाहिले, तर शिपायाच्या कुटुंबाला मिळणारा नकार ह्या भीतीतून येत नाही, हे ध्यानात येते. बदलीचा मनुष्य घर बळकावणार नाही, पगार निश्चित असल्यामुळे भाडे बुडविणार नाही, हे मालकाला पक्के ठाऊक असते. मग अडते कोठे? उंबऱ्याशी जे प्रश्न विचारले जातात ते ऐकावेत. गाव कोणते? आडनाव काय? घरी कोणती भाषा बोलता? मांसमच्छी करता काय? यजमान इथे नसणार, मग येणार-जाणार कोण? प्रश्न विचारणारा गृहस्थ दुष्ट नसतो. तो चारचौघांसारखा सभ्य असतो, आणि सव्वीस जानेवारीस झेंड्याला मनापासून वंदन करतो. शेवटी तो म्हणतो, “ताई, खोली तशी रिकामी आहे, पण आमचा भाचा यायचा आहे, त्याला शब्द देऊन बसलो आहोत.” ती बाई मुलाचे बोट धरून पुढच्या गल्लीत जाते. भाचा त्या महिन्यात येत नाही, पुढच्याही येत नाही. आणि पंधरा दिवसांनी त्या खोलीत ‘आपल्यातले’ बिऱ्हाड आलेले दिसते.

आम्हांस त्या नकारापेक्षा त्या भाच्याचे कुतूहल अधिक आहे. त्याला का निर्माण करावे लागले? कायद्याने मालकावर कारण देण्याचे बंधन नव्हते. नुसते नाही म्हटले असते तरी चालले असते. खरे कारण सांगितले असते तरी बहुधा कोणी फिर्याद लावणार नव्हते. तरीही त्याने खोटे सांगितले. ह्याचा अर्थ इतकाच की, खरे कारण त्या बाईच्या तोंडावर सांगण्यासारखे नाही, हे त्याच्याच मनाने ठरविले होते. न्यायाधीश बाहेर नव्हता, आतच बसला होता, आणि त्याने निकाल दिला होता. घर नाकारण्याच्या बाबतीत आम्ही जी कसोटी सुचवितो, ती ह्यातूनच निघते : जे कारण समोरच्या माणसाला सरळ सांगता येते, ते कारण बहुधा न्याय्य असते, ज्याच्यासाठी भाचा निर्माण करावा लागतो, ते नसते. “भाडे आम्हांस इतके हवे, तुम्हांला परवडणार नाही,” हे सांगता येते. “पुढच्या वैशाखात मुलाचे लग्न आहे, खोली लागेल,” हे सांगता येते. “आमचे वडील आजारी आहेत, लहान मुलांचा गलका त्यांस सोसणार नाही,” हेही थोड्या संकोचाने का होईना, सांगता येते. “तुमचे आडनाव आम्हांस चालत नाही,” हे मात्र सभ्य माणसाच्या तोंडून निघत नाही. आणि जे तोंडून निघत नाही त्यावर वागणे चालू ठेवायचे, ह्यालाच दांभिकपणा म्हणतात.

कोणी म्हणेल, घर म्हणजे दुकान नव्हे. एका छपराखाली, एका विहिरीवर, एका जिन्यावरून ज्यांच्याशी रोज संबंध यायचा, ते लोक निवडण्याची मोकळीक मनुष्याला नको काय? ह्या आक्षेपात तथ्य आहे. स्वयंपाकघर कोणाला दाखवावे, देवघरात कोणाला न्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यात कायद्यानेही नाक खुपसू नये आणि नीतिशास्त्रानेही. परंतु वेगळ्या दाराची खोली भाड्याने देणे आहे असे ज्याने चार ठिकाणी सांगितले, त्याने त्या खोलीपुरते आपले घर आपल्या हाताने बाजारात मांडले आहे. भाडे घेताना ती जागा व्यवहाराची, आणि नाकारताना ती देवघराची, अशी दुहेरी भाषा त्याला करता येणार नाही. शिवाय निवड करणे वेगळे आणि कशावरून निवड करावी हे वेगळे. वागणुकीवरून निवडा, पूर्वीच्या घरमालकाकडे चौकशी करा, पोलिसांकडे माहिती द्या, अनामत घ्या. पण वागणूक ही मनुष्याच्या हातची असते. जन्म, गाव आणि मातृभाषा ही नसतात. आणि ज्याला गावसुद्धा हुकुमाने मिळाले, त्याला जन्मावरून परत लावणे म्हणजे ज्या दोन गोष्टी त्याच्या हाती नव्हत्या, त्या दोहोंची शिक्षा त्याला एकदम देणे होय.

दुसरा आक्षेप निराळ्या बाजूने येतो. शिपायाचाच एवढा कैवार कशाला? शाळामास्तर, परिचारिका, तारमास्तरांच्या जागी आलेले आजचे कारकून, ह्यांच्याही बदल्या होतात. हे अगदी मान्य आहे. शिपायाला पराक्रमाचे बक्षीस म्हणून खोली द्यावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तसे म्हणणे त्याच्याही हिताचे नाही. कारण बक्षीस मिळालेल्या घरात मनुष्याला नळाची तक्रारही करता येत नाही. ह्याच आपल्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात, नाईक यशवंत घाडगे ह्यांचे गाव आहे. मराठा पलटणीचा हा शूर तरुण १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, एकट्याने शत्रूच्या ठाण्यावर चालून गेला आणि तेथेच पडला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्याचे स्मारक आहे, आणि ते असणे योग्यच आहे. परंतु स्मारक करणे सोपे, ह्याचे एक कारण असे की, पुतळ्याला खोली लागत नाही. तो पाणी वापरीत नाही, त्याला मुले नसतात, त्याच्या स्वयंपाकाचा वास येत नाही. मेलेल्या शिपायापुढे नम्र होणारा समाज जिवंत शिपायाच्या बायकोपुढे चौकस होतो. म्हणून आम्ही शिपायाचे उदाहरण घेतले. त्याच्यासाठी वेगळा न्याय मागण्यासाठी नव्हे, तर जो न्याय आपण सर्व बदलीवाल्यांना देत नाही, तो त्याच्या बाबतीत लपविणे सर्वांत कठीण जाते, म्हणून.

आता ज्या ठिकाणी दोन्ही पक्ष प्रामाणिक असूनही खरी अडचण येते, तेथे वळू. अकरा महिन्यांचा करार झाला. पाचव्या महिन्यात बदलीचा हुकूम आला. शिपायाने शब्द मोडला काय? नाही, त्याला शब्द पाळण्याची मोकळीकच उरली नाही. मग मालकाने नुकसान सोसावे काय? त्यानेही काही अपराध केलेला नाही. पुष्कळ ठिकाणी ह्यावर तोडगा म्हणून अनामत रकमेवर हात मारला जातो. घाईने निघालेला मनुष्य भांडत बसणार नाही, हे मालकाला ठाऊक असते. हा तोडगा न्यायाचा नाही, दुसऱ्याच्या घाईचा फायदा घेण्याचा आहे. जी राष्ट्रे आपली फौज परमुलुखात ठेवतात, त्यांनी ह्या प्रसंगाचा विचार केलेला दिसतो. अमेरिकेत २००३ च्या कायद्याने बदलीचा हुकूम दाखवून घराचा भाडेकरार मुदतीपूर्वी संपविण्याची सवलत सैनिकाला दिली आहे. आणि जर्मनी किंवा जपान अशा देशांत तळाबाहेर घर घेणाऱ्या सैनिकाला, हीच अट करारात आधी लिहून घ्यावी, असा सल्ला दिला जातो. परक्या देशात बिऱ्हाड करणे काही सोपे नाही. जपानात घरधन्याला आरंभीच आभाराची म्हणून एक रक्कम द्यावी लागण्याची जुनी चाल आहे, आणि ती परत मिळत नाही. जर्मनीत स्वयंपाकघर म्हणून कित्येकदा केवळ चार भिंती आणि नळाचे तोंड पदरात पडते. तरीही अट आधी लिहिलेली असली म्हणजे जाताना कडवटपणा राहत नाही. आपल्याकडे तशी ओळ लिहिण्यास कोणाची मनाई आहे? हुकूम आल्यास महिन्याची सूचना द्यावी, त्या महिन्याचे भाडे द्यावे, उरलेली अनामत परत घ्यावी. हुकूम दोघांपैकी कोणाचाच नाही. तो सर्वांच्या वतीने निघालेला आहे. त्याचा भार दोघांनी थोडथोडा उचलावा, हे वाजवी आहे.

बिऱ्हाडकरूचीही कर्तव्ये आहेत, आणि ती थोडक्यात सांगता येतात. कारण ती हलवर्णच्या पत्रात सांगून झाली आहेत. ज्या घरात राहायचे, ते आपले नाही म्हणून जपून वापरावे. विहिरीला आणि विजेला मालक असतो हे विसरू नये. मुदत संपली की पाय आवरावेत. आणि गणवेशाचा दरारा सरहद्दीवर वापरावा, आळीत वापरू नये. शिपाई जर गणवेशाच्या जोरावर भाडे थकवील किंवा शेजाऱ्यास दटावील, तर आपण वर वर्णन केलेला जुना काळ तो स्वतःच्या हाताने परत आणील.

ह्या सर्व प्रकरणात एक गोष्ट आम्हांस विशेष बोलकी वाटते. महाराष्ट्राच्या भाडेकायद्यात लष्करी माणसाचा जो खास उल्लेख आहे, तो भाडेकरू म्हणून नाही, घरमालक म्हणून आहे. लष्करातील मनुष्य नोकरीपायी दूर असताना आपले घर भाड्याने देतो. तो परत आला आणि त्याला स्वतःला राहण्यासाठी दुसरी जागा नसली, म्हणजे योग्य अधिकाऱ्याचा दाखला दाखवून घर परत मागण्याची खास सोय १९९९ च्या कायद्याच्या तेविसाव्या कलमाने त्याला आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांना दिली आहे. म्हणजे एकच मनुष्य आपल्या गावी मालक असतो आणि परगावी भाडेकरू. त्याच्या घरात कोणी परका राहतो, आणि तो कोणा परक्याच्या घरात राहतो. थोडा विचार केला, तर ही काही एकट्या शिपायाची गोष्ट नाही. भिसेगावात ज्याच्या दोन खोल्या भाड्याने आहेत, त्याचा एक मुलगा पुण्यात कोणाच्या तरी खोलीत असतो, दुसरा आखातात. मुलगी सासरच्या नोकरीपायी बंगळुरास घर शोधत असते. ज्या सकाळी येथे एका बाईला भाच्याची गोष्ट सांगितली जाते, त्याच सकाळी दूर कोठेतरी त्याच्या मुलीला तेथल्या भाषेत तीच गोष्ट ऐकविली जात असते. आपण लोकांच्या मुलांना देतो, तोच निवारा आपल्या मुलांना मिळणार आहे, असे आम्ही म्हणत नाही. जगात एवढा हिशेब चोख असता, तर नीतीची गरजच पडली नसती. परंतु आपल्या मुलीला मिळालेला नकार ज्याला अन्याय वाटतो, त्याने स्वतः दिलेल्या नकाराला दुसरे नाव शोधू नये.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. हुकुमाने आलेल्या माणसाला घर देणे हे कर्ज नव्हे. तसे मानल्यास आपण पुन्हा सक्तीच्या काळाकडे जाऊ, आणि त्या काळात ना मालक सुखी होता, ना शिपाई आपला होता. पण ते दानही नव्हे. दान मानल्यास देणारा उगीच मोठा होतो आणि घेणारा उगीच लहान. त्याला खरे ते सांगणे, सर्वांना सांगतो तोच दर त्याला सांगणे, आणि द्यायची असली तर खोली देणे, नाही तर नाही म्हणताना सांगता येईल असे कारण जवळ असणे, एवढे मात्र आपल्यावर बंधन आहे. नाही म्हणण्याचा अधिकार फार मोल देऊन मिळाला आहे. तो खोट्या भाच्याच्या आड उभा राहून वापरण्याइतका हलका नाही.